वय किती लिहू?

‘वय किती लिहू?’ सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीतून हा प्रश्न येतो. नाव आणि गाव बहुतेक वेळा खरं सांगितलं जातं. वय मात्र तिथंच उभ्या उभ्या ठरतं. बाळंतपणाला आणलेली पोरगी तोंड उघडायच्या आत तिची सासू बोलते, ‘एकोणीस लिवा.’ आतला माणूस मान वर न करता एकोणीस लिहितो आणि पुढच्याला हाक मारतो. पोरगी भिंतीला टेकून उभी असते. हात उचलला की हिरवा चुडा कोपरापर्यंत घसरतो, कारण चुडा बाईच्या मापाचा आणि हात अजून आठवी-नववीतल्या मुलीचा.

मुलांच्या संरक्षणासाठी या देशात कायदे कमी नाहीत. त्यातले निम्मे या एका रकान्यात गाडले जातात.

दवाखान्याचं काम ताप उतरवला, टाके घातले, बाळ-बाळंतीण सुखरूप घरी पाठवली की संपतं, असं आपण धरून चाललोय. मला ते मान्य नाही. मार खाल्लेलं पोर, ओढ्याकाठी टाकून दिलेलं अर्भक, सोळाव्या वर्षी दिवस गेलेली मुलगी यांच्याकडे गावात कुणाचं लक्ष नसतं. शाळेनं पटावरून नाव कमी केलेलं असतं, पोलिसांपर्यंत गोष्ट गेलेली नसते आणि ग्रामपंचायतीनं डोळेझाक केलेली असते. दुखणं सोसवेनासं झालं की ही सगळी मुलं दवाखान्याच्या दारातून आत येतात. तिथं बसलेल्या माणसानं त्यांना पाहिलं नाही, तर पुढं कुणी पाहणार नसतं. सातारा-सांगलीला दवाखान्यांची वाण नाही. वाण आहे ती अशा पाहणाऱ्या माणसांची.

दवाखाने आपल्याकडे खरोखरच खूप आहेत. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली मिशनचं रुग्णालय उघडलं, तेव्हापासून दोन-तीन जिल्ह्यांत आणि सीमेपलीकडच्या गावांतही ‘मिरजेला न्या’ हा दुखण्यावरचा शेवटचा सल्ला आहे. 1962 साली तिथं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. सांगलीला वसंतदादांच्या नावाचं सिव्हिल आहे, कराडला कृष्णा रुग्णालय आहे, साताऱ्याला क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावाचं जिल्हा रुग्णालय आहे आणि आता तिथंही वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालंय. खासगी दवाखान्यांच्या पाट्या तर मोजू नयेत. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचे पैसेही लागत नाहीत. 2011 पासून चालू असलेल्या जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण मोफत आहे, आजारी बाळाला वर्षाचं होईपर्यंत उपचार मोफत आहेत आणि ने-आण करायला 102 ची गाडी आहे.

यातलं जे चांगलं चाललंय त्याला चांगलं म्हटलंच पाहिजे. जिल्हा रुग्णालयातला नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष एकदा पाहावा. दीड किलोच्या आतलं बाळ वॉर्मरखाली निजलेलं असतं, त्याच्या पावलाला गुंडाळलेल्या पट्टीत लाल ठिपका लुकलुकत असतो, शेजारच्या पाळण्यात काविळीचं बाळ निळ्या दिव्याखाली डोळ्यांवर पट्टी बांधून पडलेलं असतं. सिस्टर वाटी-चमच्यानं थेंबथेंब दूध पाजते. दूध ओठांच्या कडेनं ओघळतं, ती बोटानं टिपते आणि पुढचा थेंब सोडते. अर्धा तास एका बाळाला, मग दुसरं. बाळ थोडं सावरलं की आईच्या उघड्या छातीशी बांधतात. कांगारू पद्धत म्हणतात तिला. आईच्या उबेनं बाळाचं वजन वाढतं आणि त्याला खर्च काही येत नाही. या सिस्टरांच्या हातून किती पोरं जगली याची बातमी कधी छापून येत नाही.

घरी गेल्यावर आशाताई येतात. तिसऱ्या दिवशी, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या. झोळीच्या काट्यानं बाळाचं वजन करतात, काखेत थर्मामीटर लावतात, नाळ बघतात, श्वास मोजतात. ही पद्धत महाराष्ट्रातच घडली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, 39 गावांत ती वापरून पाहिली आणि 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले. त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले होते. पुढं हीच पद्धत सगळ्या देशानं उचलली. आज पाटणच्या डोंगरात किंवा जतच्या माळावर आशाताई दार वाजवते, त्याची सुरुवात गडचिरोलीत झालेली आहे.

म्हणजे बाळाचं वजन मोजणारी यंत्रणा आपण उभी केली. बाळाची आई स्वतःच मूल आहे का, हे बघणारी यंत्रणा उभी करायची राहिली.

ऊसपट्ट्यात हे सगळ्यात ढळढळीत दिसतं. दिवाळी झाली की बीडकडून, जतकडून, माण-खटावच्या दुष्काळी गावांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. कृष्णा, वारणा, येरळाकाठच्या फडांत कोप्या उभ्या राहतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या गड्याला अर्धा कोयता म्हणतात, त्याला उचलही अर्धी. मग हंगामाच्या तोंडावर लग्नं होतात आणि नवरीचं वय कुणी विचारत नाही. पंधरा-सोळाची पोर मोळ्या बांधायला फडात उतरते. तिचं बाळंतपण येतं ते माघ-फाल्गुनात, माहेरापासून दोनशे-तीनशे किलोमीटरवर, कराड नाहीतर इस्लामपूर भागातल्या एखाद्या सरकारी दवाखान्यात.

हे लग्न थांबवायचं काम कायद्यानं तिच्या गावच्या ग्रामसेवकाचं होतं. राज्यात ग्रामीण भागात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तोच असतो आणि अंगणवाडी सेविका त्याला साहाय्य करते. ते झालं नाही. तिला सरकारी माणूस पहिल्यांदा भेटतो तो इथं, केसपेपरच्या खिडकीत. आणि तो एकोणीस लिहून मोकळा होतो.

बाळाची गत त्याहून वाईट. 2013 साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला तो याच राज्यात, पालघरला. योजना चांगली आहे. डॉक्टरांचं पथक गाडी घेऊन वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतं, जन्मजात व्यंग, आजार, पोषणाची कमतरता आणि वाढीतला विलंब शोधतं. हृदयाला छिद्र सापडलं तर शस्त्रक्रियेपर्यंत सोय होते. दुभंगलेला ओठ, वाकडं पाऊल, ऐकू न येणं यांसाठी जिल्ह्याला शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं. पण हे पथक पटावरची मुलं तपासतं. कोपीतलं मूल ना या गावच्या अंगणवाडीच्या पटावर, ना त्या गावच्या. जन्मल्यावर बीसीजी, पोलिओ आणि कावीळ-बची लस दवाखान्यातच मिळते. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसींची तारीख येते तेव्हा कारखान्याचा पट्टा पडलेला असतो आणि टोळी परतीच्या ट्रॅक्टरवर असते. कार्ड ट्रॉलीतल्या भांड्यांच्या बोचक्यात कुठंतरी. आता लसीकरणाच्या यू-विन पोर्टलवर नोंद झाली असेल तर कुठल्याही गावात पुढची लस मिळू शकते. त्यासाठी पहिली नोंद खऱ्या नावानं, खऱ्या वयानं आणि चालू फोन नंबरवर झाली पाहिजे. सगळं पुन्हा त्या खिडकीवरच येऊन थांबतं.

आता डॉक्टरांची बाजू. ती खोटी नाही.

मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू आहे. अठराच्या आतल्या मुलीशी संबंध आल्याचं कळलं, नुसता अंदेशा आला, तरी पोलिसांना कळवणं कलम 19 नुसार बंधनकारक आहे. कळवलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर वर्षापर्यंत. ऑक्टोबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बायको अठराच्या आतली असेल तर नवऱ्यालाही बलात्काराचं कलम लागतं असा निकाल दिला. म्हणजे सोळाची पोर कुंकू लावून, नवऱ्याचा हात धरून प्रसूतीला आली, तरी कायद्याच्या लेखी ती पीडित मूल आहे. डॉक्टरनं कळवायचं म्हटलं की एमएलसी म्हणजे पोलीस-प्रकरणाची नोंद, पोलीस ठाण्यात जबाब, कोर्टाच्या तारखा आणि तोवर वॉर्डाबाहेर जमलेले पन्नास नातेवाईक. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरला हे सगळं एकट्यानं अंगावर घ्यायचं असतं.

त्याहून मोठी भीती दुसरी आहे आणि ती मनापासून काम करणाऱ्या डॉक्टरांना जास्त छळते. आज या पोरीचं कळवलं आणि नवऱ्याला उचललं, तर उद्या दुसरी पोर दवाखान्यात आणतील का? तिचं बाळंतपण कोपीतच होईल, ट्रॅक्टरच्या उजेडात, टोळीतल्या एखाद्या म्हातारीच्या हातून. कोवळ्या वयात झटके येण्याचा, बाळंतपण अडण्याचा, बाळ कमी वजनाचं होण्याचा धोका जास्त. कायदा पाळायला जावं तर जीव जाण्याची भीती, जीव वाचवायला जावं तर कायदा मोडण्याची. 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हा पेच थोडा सोडवला. अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली आणि तिची, तिच्या पालकाची तशी विनंती असली, तर कळवताना तिचं नाव उघड करायची गरज नाही. तो निकाल गर्भपातापुरता आहे. बाळंतपणाच्या टेबलावर पडलेल्या पोरीला त्याचा आडोसा मिळत नाही.

तरीही खोटं वय लिहिणं हा यावरचा उपाय असूच शकत नाही. कारण एकोणीस लिहिलं की नुसता नवरा सुटत नाही. लग्न लावणारे सुटतात, मुकादम सुटतो, डोळेझाक करणारा ग्रामसेवक सुटतो. आणि त्या पोरीचं मूलपण कागदावरूनही पुसलं जातं. पुढच्या वर्षी ती दुसऱ्या खेपेला येते तेव्हा ‘वीस’ असते. तिला रक्त कमी आहे हे केसपेपरवर येतं, ती सतराची आहे हे येत नाही.

उपचार आधी, कागद मागून, हा क्रम पक्का हवा. कळवणं म्हणजे पोरीला पोलिसांच्या हवाली करून आपण हात झटकणं नव्हे, हेही पक्कं हवं. तिच्याशी बोलायला, तिला पुढं काय होणार ते समजावून सांगायला, बालकल्याण समितीपर्यंत सोबत जायला माणूस हवा. पोक्सोच्या नियमांत मुलासाठी अशा सहायक व्यक्तीची तरतूद आहे. मोठ्या सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षकाचं पदही आहे. पण त्या खुर्चीवरच्या माणसाला कशाला जुंपलं जातं? योजनांचे फॉर्म भरायला, रेशनकार्डाच्या झेरॉक्स तपासायला, बेवारस रुग्णांचे नातेवाईक शोधायला. तीही कामं करायलाच हवीत. पण पोरगी येते रात्री अडीचला, आणि समाजसेवा विभागाला संध्याकाळी कुलूप लागतं.

मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात दोन दशकांपूर्वी महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेनं ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. हिंसा सोसलेल्या बाईला तिच्या जखमा कशा झाल्या हे विचारणारी, ऐकून घेणारी माणसं रुग्णालयाच्या आतच बसवली. तिला दुसरीकडे पाठवलं नाही. पुढं ही केंद्रं इतर रुग्णालयांत पोचली. मिरजेत आणि साताऱ्यात मुलांसाठी अशी खोली चोवीस तास उघडी ठेवायला किती खर्च येईल? एका यंत्राच्या वार्षिक देखभालीत बसेल.

अत्याचार झालेलं मूल आलं की काय करायचं, हे तर कायद्यानं इतकं स्पष्ट सांगितलंय की चुकायला जागाच ठेवलेली नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनंच करायची. आई-बाप किंवा मुलाचा विश्वास असलेलं माणूस शेजारी हवं, ते नसेल तर रुग्णालय प्रमुखानं नेमलेली बाई हवी. तक्रार नोंदली नसली तरी तपासणी करता येते. उपचाराआधी पोलिसांचं किंवा न्यायालयाचं पत्र मागायला मनाई आहे. दवाखाना खासगी असला तरी उपचार तत्काळ आणि मोफत द्यायचे. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 200 नुसार असे उपचार नाकारणाऱ्याला वर्षापर्यंत कैद होऊ शकते. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामच्या डॉ. इंद्रजित खांडेकरांनी 2010 साली या तपासण्या किती निर्दयपणे आणि अज्ञानानं होतात हे अहवालात मांडलं. ‘टू फिंगर’ चाचणी अजून चालते याबद्दल सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर 2022 मध्येही खडसवावं लागलं. आणि तरीही आई पोरीला कडेवर घेऊन येते तेव्हा पहिला प्रश्न असतो, ‘पोलिसांचा कागद आणलाय का?’

हा प्रश्न विचारणारा माणूस कायदा मोडतोय. त्याला हे कुणीतरी तोंडावर सांगायला हवं.

दवाखान्यानं मुलाचं रक्षण करायचं, तर आधी दवाखाना मुलासाठी सुरक्षित हवा. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. ज्या कक्षाचं कौतुक मी वर केलं, तसाच तो कक्ष होता. मे 2025 मध्ये मिरजेच्या शासकीय रुग्णालयातून तीन दिवसांचं बाळ एका बाईनं पळवलं. पोलिसांनी ते काही दिवसांत तासगाव तालुक्यातून शोधून आईच्या कुशीत दिलं, त्याबद्दल त्यांचं कौतुक. पण त्याच्या तीनच आठवडे आधी, 15 एप्रिलला, सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या देशाला बजावलं होतं: रुग्णालयातून नवजात बाळाची तस्करी झाली तर पहिली कारवाई रुग्णालयाचा परवाना निलंबित करण्याची हवी. ही चोरी म्हणजे तस्करी होती की आणखी काही, हा वाद कोर्टात होईल. वॉर्डात बाळ कुणाच्या हातात आहे हे दारावर कुणी विचारलं नाही, यात वाद नाही. बाळ-बाळंतिणीच्या मनगटाला एका नंबरची पट्टी आणि दारावर ती जुळवून बघणारं माणूस, यापलीकडे फार काही लागत नाही.

बाल न्याय कायद्यानं तर रुग्णालयाच्या माणसांचा वेगळा उल्लेख केलाय. मुलाची विक्री करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण ज्याच्या ताब्यात मूल आहे तोच विकत असेल, रुग्णालयाचा किंवा प्रसूतिगृहाचा कर्मचारी असेल, तर किमान तीन आणि कमाल सात वर्षं. हे मुद्दाम सांगतोय, कारण आपल्या भागात एक प्रकार अजून पुण्याचं काम म्हणून चालतो. कुमारी पोर बाळंत झाली, मूलबाळ नसलेलं जोडपं ओळखीचं आहे, मधे डॉक्टर किंवा सिस्टर पडते आणि बाळ परस्पर दिलं जातं. भावना कितीही चांगली असो, हा गुन्हा आहे. टाकलेलं मूल हाती आलं तर रुग्णालयानं चोवीस तासांच्या आत पोलीस, बालकल्याण समिती किंवा 1098 या मुलांच्या मदत क्रमांकाला कळवायचं असतं. आईला मूल सोडायचंच असेल तर तिनं समितीसमोर सोडायचं आणि फेरविचाराला तिला दोन महिने मिळतात. ते दोन महिने त्या पोरीचा हक्क आहेत. ‘पुण्याचं काम’ तिचा तो हक्क हिरावून घेतं.

हे काम कसं करायचं, ते या मातीतल्या दोन माणसांनी 1863 सालीच दाखवलंय. जोतीराव फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण, सावित्रीबाईंचं खंडाळा तालुक्यातलं नायगाव. पुण्यात त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवेनं तिथं यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं. बाळंतपण आणि बाळाचं संरक्षण एकाच छपराखाली, आणि बाईची बदनामी न करता. तिथं जन्मलेला यशवंत त्यांनी दत्तक घेतला आणि डॉक्टर केला. 1897 च्या प्लेगमध्ये त्याच्या दवाखान्यात आजारी पोराला उचलून आणताना सावित्रीबाईंना लागण झाली आणि 10 मार्चला त्या गेल्या. ना कायदा पाठीशी होता, ना अनुदान. आज दोन्ही आहे.

आणि ज्या मुली दवाखान्यात येऊच दिल्या नाहीत, त्यांचं काय? मार्च 2017 मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला ओढ्याच्या काठी 19 भ्रूण उकरून काढावे लागले. तिथला डॉक्टर होमिओपॅथीचा होता आणि दवाखाना गावाच्या डोळ्यांसमोर चालत होता. 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलग्यांमागे सांगलीत 867 मुली होत्या, साताऱ्यात 895. त्याच्या दहा वर्षं आधी हेच आकडे 851 आणि 878 होते. सुधारणा आहे, पण अशा गतीनं समाधान मानायचं कारण नाही. साताऱ्यात वर्षा देशपांडे आणि त्यांच्या दलित महिला विकास मंडळानं गरोदर बायकांना सोबत घेऊन, सापळे लावून गर्भलिंग सांगणारे सोनोग्राफीवाले पकडून दिले. 2025 साली त्यांना संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला. सापळ्यातल्या त्या गरोदर बायका पोटात मूल असताना अशा डॉक्टरांसमोर जाऊन बसल्या. त्यांची नावं कुठल्या पुरस्कारावर नाहीत.

याच जिल्ह्यात ऑक्टोबर 2011 मध्ये जिल्हा परिषदेनं ‘नकोशी’, ‘नकुसा’ अशी नावं असलेल्या 280 हून अधिक मुलींची नावं बदलली. मुलींनी नवी नावं स्वतः निवडली. नाव बदलता आलं, कारण कुणीतरी आधी पट उघडून ते नाव वाचलं. आरोग्य खात्याच्या माणसांनी गावोगावच्या नोंदी धुंडाळल्या. मग वयाचा रकाना वाचणं अवघड का वाटावं?

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. प्रसूतीला आलेल्या कोवळ्या मुलीचं वय सासूच्या तोंडावर न लिहिता शाळेचा दाखला, जन्मनोंद किंवा आधार बघून लिहा, आणि कागद नसेल तर उपचार न थांबवता तसं स्पष्ट नमूद करा. मिरज, सांगली, सातारा आणि कराडच्या मोठ्या रुग्णालयांत रात्रीच्या पाळीलाही समाजसेवा विभागाचा माणूस ठेवा. अठराच्या आतल्या मातांचा आकडा, नावं गुप्त ठेवून, दर महिन्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत वाचा आणि मुली ज्या जिल्ह्यांतून आल्या तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांनाही तो कळवा, म्हणजे जाब डॉक्टरला नाही, लग्न होऊ देणाऱ्याला विचारला जाईल. साखर कारखान्यांनी गाळप सुरू करताना कोप्यांची यादी आरोग्य केंद्राला द्यावी. ऊस किती टन आला याची नोंद ते तासातासाला ठेवतात. त्याच ट्रॉलीबरोबर आलेल्या मुलांची नोंद त्यांना जड जाऊ नये.

आणि वाचकहो, तुमच्याकडेही एक मागणं आहे. तुमच्या शेतात टोळी उतरली असेल तर कोपीत तान्हं आहे का, कुणी पोटुशी आहे का, हे विचारा आणि गावच्या आशाताईला सांगा. मुलाला घेऊन दवाखान्यात गेल्यावर कुणी पोलिसांचा कागद मागितला तर तिथून हलू नका, वरिष्ठांना बोलवा. मार खाल्लेलं, टाकलेलं, पळवलेलं किंवा लग्नाला उभं केलेलं मूल दिसलं तर 1098 लावा. हा नंबर चोवीस तास चालू असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.